भाऊबिजेची पुडी

सकाळच्या राउंडला डॉक्टर मॅडमनी आक्काच्या पोटावरची पट्टी उचलली, वाकून पाहिलं, हातमोज्याच्या बोटाने जखमेच्या कडेला जरासं दाबलं आणि पट्टी पुन्हा ठेवून मला बाहेर बोलावलं. पॅसेजमध्ये पाण्याच्या मशीनजवळ उभं राहून त्यांनी विचारलं, "काका, यांना घरी स्टेरॉईडची गोळी चालू होती का? दमा, सांधे, कशासाठीही?" मी म्हणालो, "नाही." आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला मी इतक्या चपळाईने उत्तर दिलेलं नाही, लग्नाला हो म्हणायला मला सव्वा महिना लागला होता. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, फाईल बघत होत्या. ऑपरेशनला सहावा दिवस आहे, म्हणाल्या, एव्हाना कडा धरायला हव्या होत्या, त्या धरत नाहीयेत, लालसर पाणी सुटतंय. शुगर नाही, रक्त बरं आहे, मग हे का, ते कळत नाही. "पण ताप नाही, पोट मऊ आहे. म्हणजे आतड्याचा आतला जोड शाबूत असणार. दोन दिवस वाट बघू." एवढं बोलून त्या पुढच्या खोलीत गेल्या. त्यांच्या पायात कॉलेजातल्या पोरींचे असतात तसे पांढरे बूट होते. मी त्या बुटांकडे बघत राहिलो आणि मग चहा प्यायला खाली गेलो, कारण दवाखान्यात माणसाला दुसरं जाण्यासारखं ठिकाण नसतं.

कँटीनमधला चहा इतका गोड असतो की त्याची शिसारी येते, तरी सहा दिवसांत मी तो तीसेक वेळा प्यायलो असेन. समोर मुंबई नाक्याकडे जाणाऱ्या गाड्या एकमेकींना हॉर्न देत होत्या. मला झोप येत होती आणि झोपेच्या मागे ते वाक्य बसलं होतं. ताप नाही, पोट मऊ आहे. हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे. घोटीला मी बावीस वर्षं कंपाउंडर होतो. एकदा एका म्हाताऱ्याला जीपमध्ये आडवा घालून आणला. पोटात दुखतंय म्हणून नुसता कण्हत होता. अंग गार, पोट मऊ. मी आपला गॅसची पुडी बांधायला घेतली. आमच्या साहेबांनी त्याचा गोल चेहरा पाहिला, दंडावरचे निळे डाग पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, पुड्या कुठून आणतोस? उत्तर ऐकून त्यांनी त्याला हातही न लावता तीच जीप नाशिकला पिटाळली. संध्याकाळी हात धुताना मला म्हणाले, "गोरख, ज्याच्या अंगात ती गोळी आहे, त्याच्या तापावर विश्वास ठेवायचा नाही. आत आतडं फुटलेलं असलं तरी ती वर कळू देत नाही." म्हणजे या इमारतीत एक माणूस असा होता, ज्याला माहीत होतं की दोन दिवस वाट बघायची नाही. तो माणूस कँटीनमध्ये बसून चहावरची साय बोटाने काढत होता.

ती गोळी म्हणजे बारकी, पांढरी, मधे रेघ असलेली. खेड्यावरच्या दवाखान्यात तिला नाव नसतं, कुठल्याच गोळीला नसतं. साहेब आत चिठ्ठीवर खरडायचे आणि मी बाहेर डब्यांतून गोळ्या काढून कागदाच्या पुड्या बांधायचो, सकाळची, दुपारची, संध्याकाळची. आवणीच्या दिवसांत दिवसदिवस गुडघाभर चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाया रात्री उठू शकायच्या नाहीत. त्या यायच्या आणि साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणायच्या, भाऊ, ती बारकी पांढरी टाका ना एक. साहेब ती मोजून द्यायचे, आठ दिवस, वर एकही नाही. पण लोकांना साहेबांचे आठ दिवस लक्षात राहायचे नाहीत, माझी पुडी लक्षात राहायची. माझी घडी वेगळी होती. शेवटचं टोक मी उलटं आत खोचायचो, त्यामुळे जीपमध्ये, टोपलीत, कमरेला कुठेही ती सुटायची नाही. आता सांगायला लाज वाटते, पण मला त्या घडीचा अभिमान होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली राबलेल्या माणसाला स्वतःचं म्हणायला काहीतरी लागतं, मला ती घडी सापडली होती.

साहेब वारले, दवाखाना बंद झाला, आणि मी नाशिकला येऊन घाऊक औषधांच्या एका दुकानात लागलो. त्याच वर्षी भाऊबिजेला आक्काकडे गेलो तर ती पाटावरून उठेना. म्हणजे ओवाळायला बसली आणि उठताच येईना. गुडघे भाकरीसारखे फुगलेले. दाजी तेव्हा होते. त्यांनी एका बाजूने, भाचीने, सुवर्णाने, दुसऱ्या बाजूने धरून तिला उभी केली आणि ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी काढत हसत सुटली, म्हणाली, ओवाळणी राहू दे, मला एक कप्पी आणून दे. मला ते हसणं सोसलं नाही. पुढच्या आठवड्यात मी पुड्या नेऊन दिल्या. चौथ्या दिवशी फोन आला की आक्का बांधावरून चालत देवळात गेली. सगळ्या गावाला सांगत सुटली, माझ्या गोरखच्या हाताला गुण हाय. मी दुकानात खोकी उचलत होतो. त्या दिवशी ती खोकी मला हलकी लागली. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला, आणि पुढच्या भाऊबिजेला तिने ओवाळलं तेव्हा मी ताटात साडी ठेवली आणि साडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला, पुड्यांनी भरलेला. सगळे हसले, दाजी म्हणाले अशी ओवाळणी कुठल्या भावाने घातली नसेल. तेव्हापासून तो रिवाजच पडला. अकरा भाऊबिजा. मधे डबा संपला की आठवडी बाजाराला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती रिकामा परत यायचा, मी भरून पाठवायचो. दाजींच्या दहाव्यालासुद्धा मी तो पिशवीत घालून नेला होता.

मला कळत नव्हतं असं नाही. कळत नव्हतं म्हणालो असतो तर किती सुटसुटीत झालं असतं. दुसऱ्या वर्षी तिचा चेहरा भरला. बाया म्हणाल्या, कुसाबाईला भावाचं औषध मानवलं, अंगावर तेज आलं. मला ते तेज ओळखता येत होतं, मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर पाहिलं होतं. मग तिच्या दंडावर दाराची कडी नुसती लागली तरी जांभळाएवढा डाग पडायला लागला, हातावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. दर खेपेला मी ठरवायचो की या दिवाळीला हळूहळू कमी करू, अर्धी करू. आणि दर खेपेला ती बांधावरून चालत मला घ्यायला फाट्यापर्यंत यायची. चालत येणाऱ्या बहिणीला कुठल्या तोंडाने सांगायचं, की उद्यापासून तू बस? एकच शहाणपण मी केलं, तिला बजावून सांगितलं की एक दिवसही खाडा करायचा नाही, कारण ती अचानक बंद केली की माणूस खचतो. तेवढं सांगून मी स्वतःला जबाबदार समजत होतो. आणखी एक गोष्ट आहे. घोटीला मी वह्यांच्या कागदाच्या पुड्या बांधायचो. नाशिकच्या दुकानात खोक्यांतून निघणारी माहितीपत्रकं ढिगाने पडलेली असायची, पातळ, गुळगुळीत, घडी छान धरणारी. मी आक्काच्या पुड्या त्यांच्यात बांधायचो. पुष्कळदा ते पत्रक त्याच गोळीचं असायचं. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हाडं ठिसूळ होतात, जंतू माजतात, जखमा भरायला उशीर लागतो. ते मी वाचलेलं होतं. वाचलेली बाजू मी आत दुमडायचो.

सहा दिवसांपूर्वी आतड्याला पीळ पडला म्हणून तिला आणलं. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून दोन टोकं शिवली. भरती करताना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सुवर्णाने सांगितलं, ब्लडप्रेशरची एक गोळी, बस. ती खोटं बोलत नव्हती. आमच्या घरात आक्काच्या पुडीला कुणी औषध म्हणतच नाही. तो भावाचा डबा आहे, जसं माहेरचं लुगडं असतं तसा. मी शेजारी उभा होतो आणि मी काही बोललो नाही. तेव्हा वाटलं, आता नको, पोरगी घाबरलेली आहे. दुसऱ्या दिवशी आक्काचं प्रेशर एकाएकी उतरलं, धावाधाव झाली, सलाईनवर सलाईन लावलं. तोंडाने काही द्यायचं नव्हतं म्हणून पुडी बंद होती, हे मला कळत होतं आणि मी भिंतीला टेकून तेव्हाही मनाशी म्हटलं, आता नको. माणूस एकदा गप्प बसला की दुसऱ्यांदा बोलायला दुप्पट जोर लागतो. दुकानातल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय बाहेर नेल्या हे कळलं तर नोकरी जाणार होती. पण खरं सांगायचं तर नोकरीची भीती वरवरची होती. सुवर्णा मला चारचौघांत डॉक्टरमामा म्हणते. लहानपणापासून म्हणते. ती भीती खरी होती.

चहा गार झाला. मला उगाचच माझा पाय आठवला. मी सातेक वर्षांचा असताना भात कापताना विळा लागून पोटरी उघडी पडली होती. आई नुकतीच गेली होती, आक्का चौदाची असेल. तिने हळद भरून लुगड्याची पट्टी बांधली आणि रोज सकाळी मला उंबऱ्यावर बसवून ती पट्टी सोडायची. मी विचारायचो, धरली का कड? ती नीट वाकून बघायची आणि म्हणायची, नाय अजून. मी रडायचो. शेजारची म्हातारी म्हणायची, अगं पोराला बरं वाटावं म्हणून तरी हो म्हण. आक्का म्हणायची, खोटं सांगितल्यावर हा पळायला लागंल आन पुन्हा उकलंल. आठ सकाळी ती नाही म्हणाली. नवव्या सकाळी म्हणाली, धरली. मला त्या एका शब्दाचा आनंद अजून अंगात सापडतो, पोटरीत, वण आहे तिथे. पैसे देऊन मी वर गेलो.

आक्का उशाला टेकून बसली होती. परवापासून तिला चहा द्यायला परवानगी होती. वॉर्डातल्या मावशींनी कप आणून ठेवला होता. मला बघून तिने दाराकडे नजर टाकली आणि उशीखालून तिचा कापडी बटवा काढून माझ्या हातात दिला, म्हणाली गाठ सोड, माझी बोटं चालत नाहीत. मी गाठ सोडली. आत तंबाखूच्या डबीशेजारी चार पुड्या होत्या. टोक उलटं आत खोचलेल्या. मी विचारलं, तू या घेतेस? इथे? "मग? तूच म्हणला व्हता ना, येक दिस बी खाडा नको. मधी तीन दिस चुकल्या, तर बघ कशी गळाठले." मी एक पुडी उघडली. ते पत्रक त्याच गोळीचं होतं. चष्मा न लावता मला ती ओळ दिसली, कारण ती कुठे असते ते मला माहीत आहे. मी विचारलं, मॅडमनी तुला विचारलं नव्हतं का, काय घेतेस म्हणून? तिने कप खाली ठेवला. "इचारलं व्हतं. दोनदा. मी म्हणलं, मी काय बी घेत नाय." मग हळू म्हणाली, "मी काय येडी हाय का गोरख. दुकानातनं आणतो तू. तुझ्यावर बालंट आलं तर? मेले तरी तुझं नाव नाय घ्यायची मी." मग पदर बाजूला करून तिने पट्टीकडे पाहिलं आणि जेवणात मीठ कमी पडल्यासारखं सहज म्हणाली, "पर कड काय धरंना."

मला राग आला. तिचा आला, म्हणजे तिच्या भाबडेपणाचा नव्हे, तिच्या हुशारीचा आला. ती सगळं ओळखून माझ्यासाठी मरायला तयार होती आणि मी त्याचा फायदा घेत होतो, तिला न विचारता, सहा दिवस. मी चारही पुड्या मुठीत घेतल्या आणि बाहेर आलो. डॉक्टर मॅडम नर्सच्या टेबलाशी उभ्या होत्या. नेमकी सुवर्णा लिफ्टमधून बाहेर पडत होती, ओझरहून डबा घेऊन आलेली, कपाळावर घाम. ती जाईपर्यंत थांबावं असं मला वाटलं. तसं वाटतंय हे कळलं म्हणून मी थांबलो नाही. टेबलावर पुड्या ठेवल्या आणि म्हणालो, "मॅडम, मघाशी मी खोटं बोललो. ती स्टेरॉईड घेते. मीच देतो. अजूनही घेतेय."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुडी उघडली, गोळी तळहातावर घेतली, विचारलं, पाच मिलिग्रॅमची? मी म्हणालो, पाचच्या दोन, रोज. "किती वर्षं?" "अकरा." त्यांनी फोन उचलला आणि सीटी स्कॅनवाल्यांना सांगितलं की पेशंट आत्ता खाली येतोय, नंबर थांबवा. मग नर्सला एक इंजेक्शन लिहून दिलं. मी ते नाव वाचलं. त्याच जातीचं औषध होतं. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "ते आता एकदम तोडता येत नाही, काका. शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. आता आम्हालाही तेच द्यावं लागणार." जाता जाता, बहुधा सुवर्णासाठी, त्यांनी सांगितलं की गुडघ्याची सूज ज्या कारणाने उतरते त्याच कारणाने जखम भरत नाही. जखम झाली की शरीर सगळी माणसं तिकडे धाडतं, सूज म्हणजे ती माणसं कामाला लागलेली असतात. ही गोळी त्यांना घरी पाठवते. सुवर्णा डबा दोन्ही हातांनी धरून ऐकत होती. ती माझ्याकडे वळली नाही.

स्कॅनमध्ये दिसलं की आतला जोड सुटलेला आहे आणि पोटात घाण साचलेली आहे. ताप नव्हता. पोट मऊ होतं. दुपारी दोनला तिला पुन्हा ऑपरेशनला घेतलं. स्ट्रेचरवर तिने सुवर्णाचा हात धरला आणि माझ्याकडे बघत तिला म्हणाली, "मामाला काय बोलू नको गं. त्याच्या हाताला गुण हाय." स्ट्रेचर आत गेलं, दार झुलत राहिलं. आजवर मला कुणी इतकं वाईट काही बोललेलं नाही. बाकावर सुवर्णा एका टोकाला बसली, मी दुसऱ्या. मधे डबा. तासाभराने ती समोर बघतच म्हणाली, "मामा, पाणी मीच आणून द्यायचे तिला. माहेरी गेले की सकाळची पुडी मीच सोडायचे." मी म्हणालो, तुला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तुम्हाला होतं." मग तिने डबा उचलून पलीकडे ठेवला. पाच वाजता मॅडम बाहेर आल्या. जोड काढून आतड्याचं तोंड पोटावर आणलंय, पिशवी लावलीय, आत धुतलंय, वरची जखम मुद्दाम उघडी ठेवलीय, ती तळापासून भरत येईल, भरली तर. दोन दिवस थांबलो असतो तर, असं म्हणून त्या थांबल्या. वेळेत झालं की उशीर झाला हे पुढचे आठ-दहा दिवस सांगतील, म्हणाल्या.

त्याला आज नऊ दिवस झाले. दुकानात मी स्वतःच जाऊन सांगितलं, मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हटलं, एवढंच. सुवर्णा कामापुरतं बोलते. डॉक्टरमामा नाही, नुसतं मामा. आक्का आयसीयूतून खोलीत आली, तिच्या गुडघ्यांना पुन्हा कळ लागलीय, कुशीवर वळताना ती दात आवळते आणि मला ते बघत उभं राहावं लागतं, हातात काही नसताना. पट्टी सकाळ-संध्याकाळ बदलायची असते. सिस्टरच्या हाताखाली मी कापूस आणि ट्रे धरतो. बावीस वर्षं ड्रेसिंगला हात लावलेला माणूस, म्हणून त्या मला उभं राहू देतात. आज सकाळी गॉज काढलं. जखम वीतभर लांब, उघडी, तळाशी ओलसर. मागच्या आठवड्यापेक्षा लाली जास्त आहे की मला जास्त हवी आहे म्हणून दिसते, मला ठरवता येईना. आक्काला मान उचलून बघता येत नाही. छताकडे बघत तिने विचारलं, "धरली का रं कड?"

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. दाराशी सुवर्णा उभी होती. हो म्हणणं मला फार सोपं होतं. अकरा वर्षं मी दुसरं काय केलं? तिला बरं वाटावं म्हणून. मी वाकलो, सिस्टरकडून टॉर्च घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"नाय आक्का," मी म्हणालो. "नाय अजून."

तिने डोळे मिटले. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बरं. उद्या बघ."